तेलकट पदार्थ, नग पाच

कर्वेनगर,
सोमवार, ९ ऑक्टोबर २०००

ती. रंगनाथमामा,

नमस्कार. मी फोन केला तर "कायद्याचं असेल तर लिहून पाठव, तोंडी बोललेलं पुराव्यात धरत नाहीत" असं म्हणून तू फोन आपटलास. बुधवार पेठ ते कर्वेनगर हे काही काळ्या पाण्याचं अंतर नाही. पण तू तीस वर्षं कारखान्यात पर्सोनेल मॅनेजर होतास, तेव्हा तुझ्या कलानं घेते.

प्रकरण साधं आहे. शुक्रवारी, म्हणजे खंडेनवमीला, मी व्हिसासाठी मुंबईला कॉन्सुलेटात होते. संध्याकाळी आमचे ओहायोचे क्लायंट त्यांच्या ऑफिसातून आपल्या सर्व्हरवर शिरून नवा प्रोग्राम बघणार होते. सहा महिन्यांचं काम. त्यांनी प्रयत्न केला आणि त्यांना काहीही दिसलं नाही. मी आठला पोचले, तर ऑफिसात काळोख, स्टाफ गायब आणि सर्व्हर बंद. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर हळदकुंकू. वाटलं, मशीन वारलं की काय!

हा उद्योग मच्छिंद्रचा. आमचा ऑफिस असिस्टंट, शिवणे गावचा. जनरेटर, यूपीएस, मशीन चालू-बंद, टपाल, सगळं त्याच्याकडे. विचारलं तर म्हणतो, "चूक झाली म्याडम." बस्स, एवढंच. ओहायोवाल्यांनी मेल पाठवून विचारलंय की याला जबाबदार कोण आणि त्याच्यावर काय कारवाई केलीत. महिनाअखेरीपर्यंत उत्तर हवंय, नाहीतर काम बंगलोरला जाणार.

तेव्हा मला मच्छिंद्रला काढायचंय. आमच्या हँडबुकात स्पष्ट लिहिलंय, कंपनी कोणालाही, केव्हाही, कारण न देता काढू शकते. तू फक्त तीन ओळींचा मसुदा करून दे. हँडबुक सोबत जोडलंय.

तुझी,
चैताली

ता. क. पत्र मच्छिंद्रच्याच हाती पाठवतेय, दुसरं कोणी मोकळं नव्हतं. पाकीट नीट चिकटवलंय.


बुधवार पेठ,
१० ऑक्टोबर २०००

चि. चैताली,

आशीर्वाद गृहीत धर. आता कामाचं.

माणसाच्या फाशीचा दोर त्याच्याच स्कूटरवरून पाठवणारी मालकीण मी तीस वर्षांत पाहिली नव्हती. मी त्याला चहा दिला. त्यानं कपबशी स्वतः विसळून ठेवली. तुझ्या मामीला हे इतकं आवडलं की तिनं त्याला परत बोलावलंय.

तुझं हँडबुक वाचलं. बर्फ पडल्यास कार्यालय बंद राहील, असं त्यात आहे. कर्वेनगरात बर्फ पडेल तेव्हा पडेल. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची सुट्टी आहे, दसऱ्याची नाही. हे तू ओहायोवाल्यांचं हँडबुक उचलून वर आपलं नाव छापलंयस. बाई गं, तिकडे "केव्हाही, कारण न देता" चालत असेल. इकडे ते वाक्य घेऊन लेबर कोर्टात गेलीस तर आधी शिरस्तेदार हसेल, मग न्यायाधीश.

पान एकवर लिहिलंयस, "आम्ही एक कुटुंब आहोत." कुटुंबातून माणूस काढता येत नाही, म्हणून तर लोक कंपन्या काढतात. पान दोनवर, "आमच्याकडे कोणी साहेब नाही, सगळे समान." मग मच्छिंद्रला काढतंय कोण?

आमच्या काळात बारक्या चोरालासुद्धा आधी विचारायचे, बाबा रे, तुझं म्हणणं काय? चोर असला तरी विचारायचं. आरोप लेखी द्यायचा, उत्तराला वेळ द्यायचा, चौकशी करायची. ती करणारी तू नव्हेस, कारण तू चिडलेली आहेस. त्याला सोबत एक सहकारी आणू द्यायचा. आणि मग काय ती शिक्षा. तू शिक्षेपासून सुरुवात केलीस. लग्न झाल्यावर मुलगी बघायला जाण्यासारखं आहे हे.

लग्नावरून आठवलं. त्याचं ठरलंय. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. मुलीच्या वडिलांनी आधी तुझं ऑफिस बाहेरून बघितलं, कंप्युटरची पाटी वाचली आणि मग सुपारी फोडली. जमिनी बिल्डरनं घेतलेल्या, पैशाला चार भाऊ वाटेकरी. नोकरी गेली तर सोयरीक मोडते. हे तो रडून सांगत नव्हता, मामीनं पत्रिका कधी छापणार म्हणून विचारलं तेव्हा बोलता बोलता निघालं. तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

मामा


कर्वेनगर,
१२ ऑक्टोबर २०००

ती. मामा,

ठीक आहे, तुझ्या कायद्यानं जाऊ. चौकशी अधिकारी म्हणून मी तुला नेमतेय. सोमवारी अकरा वाजता ये. रिक्षाचे पैसे कंपनी देईल.

आरोपपत्र असं केलंय. एक तर परवानगीशिवाय सर्व्हर बंद केला. शिवाय हँडबुकाच्या कलमानुसार ऑफिसात शस्त्र आणण्यास मनाई आहे, आणि मच्छिंद्रनं नारळ फोडायला कोयता आणला होता. हसू नकोस, कलम आहे! आणि तिसरं म्हणजे मशीनजवळ खाद्यपदार्थ ठेवले. पुरावा म्हणून माळ, अर्धा नारळ आणि तेलकट पदार्थ, नग पाच, असं सगळं पिशवीत भरून कपाटात कुलूपबंद ठेवलंय.

त्याला आरोपपत्र दिलं तर त्यानं दोन्ही हातांनी घेतलं, जणू काही तीर्थ. वाचलं. म्हणाला, "कोयता घरचा हाय, ऑफिसचा न्हाय, एवढं फक्त लिवा."

त्याच्या लग्नाचं वाचून वाईट वाटलं. पण मामा, माझ्याकडे चोवीस जणांचे संसार आहेत. एक वाचवायला चोवीस बुडवू? आई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं. ती दसऱ्यालाच सकाळी श्यामलामावशीकडे हुबळीला गेलीय. तिला यातलं काही कळवू नकोस, उगाच रक्तदाब वाढेल.

चैताली


बुधवार पेठ,
१७ ऑक्टोबर २०००

चि. चैताली,

काल तू चौकशीला बाहेर थांबलीस हे उत्तम केलंस. दाराच्या काचेतून दर दोन मिनिटांनी डोकावलीस ते नसतं केलंस तर अतिउत्तम.

कामकाजाचा गोषवारा कळवतो. मच्छिंद्रनं सोबत प्रोग्रामर राकेशला आणलं. राकेशला वाटलं, त्याचीही साक्ष आहे, म्हणून तो आंघोळ करून आला होता. मी विचारलं, शुक्रवारी दुपारी तुम्ही सगळे घरी का गेलात? तर म्हणे, "सर, ॲक्च्युअली पूजेनंतर हाफ डे दिला." कोणी दिला? राकेशनं मच्छिंद्रकडे पाहिलं, मच्छिंद्रनं छताकडे. राकेश म्हणाला, "आठवत नाही सर, मी प्रसाद खात होतो." कुलूपबंद कपाटातून पुरावा मागवला, तर पाचातले तीनच नग निघाले. राकेशला विचारलं. शनिवारी भूक लागली म्हणून दोन खाल्ले, म्हणाला. किल्ली टाचणीच्या डबीत असते हे म्हणे सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या अख्ख्या कारकिर्दीत इतका प्रामाणिक माणूस तू दुसरा नेमलेला नसशील.

मग मच्छिंद्र. मशीन बंद का केलं? "नवमीला हत्यारांना इसावा द्यायचा आसतोय सायेब. आमच्यात नांगर धुऊन ठेवत्यात. मशीन काय, आपलं हत्यारच हाय." संध्याकाळी अमेरिकेचे लोक बघणार होते, ठाऊक होतं? "न्हाय." सूचना नव्हती? "ती ईमेलवर व्हती म्हनं. मला ईमेल न्हाय." हे मी लिहून घेतलंय, तूही लिहून ठेव. ज्याच्या हातात बटण, त्यालाच कोणी सांगितलं नाही.

तुला कोणी सांगितलं होतं का रे बंद करायला? दोनदा विचारलं. "माझीच चूक धरा सायेब."

मग मी पिशवीतला तेलकट पदार्थ उचलला. हे कोणी तळलं? बायकोनं? "लगीन व्हायचंय." आईनं? आता तो पहिल्यांदा दुखावला गेला. "आमच्या आईच्या कडाकण्या जाड आसत्यात सायेब. ह्या आरपार दिसत्यात." बोलला आणि जीभ चावली.

चैताली, मी ती कडाकणी उजेडात धरली. पापडासारखी पातळ, कडेला बोटाची नखी उमटवलेली, मधोमध दोरा ओवायला भोक. नवरात्रात देवीच्या फुलोऱ्याला बांधायला अशी कडाकणी साऱ्या पुण्यात एकच बाई करते. तिचा मी थोरला भाऊ आहे आणि तू तिची मुलगी. दात आल्यापासून दर नवरात्रात तू त्या चोरून खात आलीयस. फुलोऱ्यावरची कडाकणी खाल्ली म्हणून सातवीत फटका खाल्लास, मी मध्ये पडलो होतो.

आणि आरोपपत्रात लिहितेस, "तेलकट पदार्थ"!

म्हणजे तुला पहिल्या रात्रीपासून ठाऊक होतं. मी अहवाल लिहून ठेवलाय, सही केलेली नाही. आधी तू काय ते सांग. चौकशीत दोन्ही बाजू ऐकायच्या असतात.

मामा


कर्वेनगर,
१८ ऑक्टोबर २०००

मामा,

हो, ठाऊक होतं.

मशीनवरची ती माळ बघितली आणि गाठीवरूनच कळलं. आईची गाठ सुटत नाही, कापावी लागते. ऑफिस खाली आणि आमचं घर वर, त्यामुळे आई कधीतरी उतरते, पोरांना चिवडा देते, मला ते आवडतं. सगळे तिला काकू म्हणतात, मला मॅडम. ती म्हणाली असणार, आज विसावा द्या, उद्या पारणं झाल्यावर चालू करा, आणि सगळे घरी जा. आणि गेले सगळे! मी सांगितलं तर दहा प्रश्न विचारतात.

मी काय कळवू ओहायोला? माझ्या आईनं तुमचा प्रोग्राम झोपवला? ते म्हणतील, ही कंपनी आहे की हळदीकुंकू? आणि आईला काय सांगू? बाबा गेल्यावर तिनं घर गहाण ठेवून मला कंप्युटर घेऊन दिला. तिनं हौसेनं पूजा केली आणि त्यात माझं सहा महिन्यांचं काम गेलं, हे मी तिच्या तोंडावर कसं सांगू? आईला नोकरीवरून काढता येत नाही, मामा. मच्छिंद्रला येतं. एवढंच आहे ते.

काल संध्याकाळी मी त्याला पत्र दिलं. तीन ओळींचंच. तुझ्या अहवालाची वाट पाहिली नाही, ओरड हवं तर. त्यानं विचारलं, "चौकशीत सिद्ध झालं का म्याडम?" मी हो म्हटलं.

ओहायोलाही मेल गेलीय.

चैताली


बुधवार पेठ,
२० ऑक्टोबर २०००

चि. वासंती,

तुझ्या लेकीचं पत्र आज पोस्टानं आलं. आजवर मच्छिंद्र आणून द्यायचा. पाकिटावर तिकीट बघितलं तेव्हाच समजलो, फोडायची गरज नव्हती.

तू खंडेनवमीला जो सोहळा केलास त्याची सगळी पत्रं सोबत पाठवतोय. चैतालीनं तुला कळवू नको म्हटलं होतं. तुझा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे, म्हणून कळवतोय. मच्छिंद्रनं तुझं नाव घेतलं नाही, मी खोदून विचारलं तरी नाही. नोकरी घालवली, सोयरीक टांगणीला लावली, पण नाव घेतलं नाही.

आता एक कायद्याची गोष्ट, नीट वाच. चार वर्षांपूर्वी तू मेथी निवडत असताना चैतालीनं एका कागदावर तुझी सही घेतली होती. प्रायव्हेट कंपनीला दोन संचालक लागतात, तिच्याकडे एकच होता. त्या दिवसापासून तू संचालक आहेस. कामगारानं संचालकाचा हुकूम पाळला तर त्याला गैरवर्तन म्हणत नाहीत, नोकरी करणं म्हणतात. मी अहवालावर तसं लिहून सही केली आहे.

पुढचं तुझं तू बघ. श्यामलाला आशीर्वाद. येताना कुंद्याऐवजी पेढे आण, धारवाडचे.

रंगनाथ


कर्वेनगर, वरचा मजला,
२५ ऑक्टोबर २०००

प्रति,
चि. चैताली देवचके, संचालक,
खालचा मजला.

रंगनाथ म्हणतो तोंडी बोललेलं पुराव्यात धरत नाहीत, म्हणून जिन्यावरून हाक न मारता लिहिते आहे. तूही लेखीच उत्तर दे. फराळाचं ताट मात्र येऊन घेऊन जा.

मी संचालक आहे हे मला हुबळीत कळलं. मला वाटलं होतं तो रेशन कार्डाचा फॉर्म आहे. चार वर्षं मी संचालक असून मला खाली यायला चिवड्याचं निमित्त शोधावं लागत होतं!

तर संचालकांची सभा आज सकाळी स्वयंपाकघरात झाली. मी होते. तुला वरून दोनदा हाक मारली, तू फोनवर होतीस. मच्छिंद्रला कामावरून काढल्याचं पत्र मागे घेण्यात येत आहे. मधल्या दिवसांचा खाडा धरायचा नाही. परत घेतल्याचं पत्र शिवण्याला जाऊन तू स्वतः द्यायचं, पोस्टानं नाही.

ओहायोच्या साहेबांना मी पत्र लिहिलंय, मराठीत. ते जसंच्या तसं इंग्रजीत कर, तुझं शहाणपण घालू नकोस. लिहिलंय की मशीन मी बंद केलं, मी या कंपनीची संचालक आहे आणि चैतालीची आई. आमच्याकडे वर्षातून एक दिवस हत्यारांना विसावा देतात. तुमचा कार्यक्रम त्याच दिवशी आहे हे मला ठाऊक नव्हतं, त्याबद्दल माफी मागते. पोराचा दोष नाही. कारवाई करायची असेल तर माझ्यावर करा.

आता तुझ्याबद्दल. पत्रं वाचून मी रात्रभर रडले, हे लिहिते आहे कारण तुझ्यासमोर सांगणार नाही. काम गेलं म्हणून नाही रडले. पोरी, तू मला सांगायला घाबरलीस? घर गहाण ठेवताना मी तुला कधी बोलून दाखवलं? माझ्या चुकीपायी दुसऱ्याच्या मुलाचं लग्न मोडू घातलंस आणि वर म्हणतेस, आई असती तर हेच सांगितलं असतं. आई वरच राहते गं. विचारायचं होतंस.

म्हणून तुला कारणे दाखवा नोटीस देण्यात येत आहे. माझ्या कडाकण्यांना तू आरोपपत्रात "तेलकट पदार्थ" असं म्हटलंस, याचा लेखी खुलासा करावा. सोबत सहकारी आणायची मुभा आहे. राकेशला आणू नकोस, उरलेल्या तीन मोजून ठेवल्यात.

वासंती देवचके,
संचालक


कर्वेनगर,
३० ऑक्टोबर २०००

ती. मामा,

भाऊबीजेला तू आलास आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. पेढे मात्र सगळे संपवलेस. म्हणून लिहितेय.

आईला खुलासा दिला. दोनच शब्द लिहिले, "आरोप मान्य." तिनं त्याखाली "ताकीद देऊन सोडले" असा शेरा मारला आणि उरलेल्या तीन कडाकण्या माझ्या हातावर ठेवल्या. मऊ पडल्या होत्या. खाल्ल्या.

ओहायोचं उत्तर आलं. साहेब लिहितात, त्यांच्या आईनं एकदा व्हॅक्यूम क्लीनर लावायला त्यांच्या कंपनीच्या मशीनची पिन उपटली होती. पिन दोन दिवस तशीच होती. डेमो पुढच्या आठवड्यात परत ठेवलाय. सोबत आमच्या सुट्ट्यांची यादी मागितलीय, आईच्या सहीची.

काल शिवण्याला जाऊन आले. पायरीवर मच्छिंद्रची आई, आनंदीबाई, लसूण सोलत बसली होती. तिला काही ठाऊक नव्हतं. दिवाळीची लांब सुट्टी मिळालीय असं त्यानं घरी सांगितलेलं. म्हणाली, "या बाई, तुमची लई तारीफ करतोय." मी पायरीवरच बसले आणि तिच्याबरोबर लसूण सोलत राहिले.

मग मच्छिंद्र आला. मी पत्र दिलं. त्यानं पुन्हा तसंच दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. मी म्हटलं, मी खोटं बोलले तुझ्याशी, चौकशीत काहीच सिद्ध झालं नव्हतं. म्हणाला, "म्हाईत हाय म्याडम. मी हजर व्हतो की चौकशीला."

आत खाटेवर लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा होता, आदल्याच दिवशी छापून आलेला. आनंदीबाईंनी वरची एक कुंकू लावून माझ्या हातात दिली. प्रमुख उपस्थितीत पहिलं नाव श्रीमती वासंतीकाकू देवचके. दुसरं माझं. गावच्या सरपंचाच्याही वर.

मामा, मी त्याला काढलं १७ तारखेला. पत्रिका छापखान्यात गेली २२ ला, खाली छापखान्याच्या नावाशेजारी तारीख आहे.

आनंदीबाई आत गेल्यावर मी विचारलं, "मच्छिंद्र, तेव्हा तर मी तुला काढलं होतं. मग माझं नाव का नाही काढलंस?"

तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "तसं एकदम कसं काढायचं म्याडम? आधी तुमाला लेखी द्यावं लागंल, तुमचं म्हननं ऐकाय लागंल, चौकशी करावी लागंल. मामासायबांनी सांगितलंय."

हे पत्र तोच घेऊन येतोय. पाकीट चिकटवलेलं नाही.

तुझी,
चैताली